कोलरला पहिल्यांदा जाताय? चालायचं असो की सायकल, आधी हे वाचा

वॉलमार्ट किंवा तिच्या कुठल्यातरी व्हेंडर कंपनीच्या नोकरीपायी आपली बरीच मंडळी आर्कान्सासमधल्या बेंटनव्हिलला येऊन पोचतात, आणि आल्यावर कळतं की इथे समुद्र नाही, लोकल नाही, मग वीकेंडला करायचं काय. ऑफिसात कोणीतरी सांगतं की कोलरला जा, म्हणजे गावातल्या माउंटन बायकिंगच्या पार्कला. आपण फोनवर फोटो बघतो तर एक माणूस सायकलसकट हवेत आणि खाली दगडच दगड, आपण फोन ठेवून देतो की बाबा हे आपलं काम नाही. विशेषतः ज्यांनी शेवटची सायकल दहावीच्या क्लासला जाताना चालवली होती ते तर लगेचच विषय बदलतात.

तर कोलर तसं नाहीये. हवेत उडणारे आहेत, भरपूर आहेत, पण त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि त्याच पार्कातून एक पक्की वाट जाते जिच्यावर लोक स्ट्रोलर ढकलत, कुत्रं घेऊन, कॉफी पीत निवांत चालत असतात. कुठली वाट कोणासाठी एवढं कळलं की झालं. माझं म्हणणं सरळ आहे, पहिली चक्कर पायी मारा, सायकल दुसऱ्या वेळेला न्या, आणि सायकल नेलीत तरी त्या पहिल्या दिवशी टेकडीच्या माथ्यावरून उतरायला जाऊ नका. बाकी सगळं यातच येतं पण जरा सविस्तर सांगते.

हे आहे काय आणि फुकट कसं

पूर्ण नाव कोलर माउंटन बाइक प्रिझर्व्ह. डाउनटाउनच्या चौकापासून जवळच, सायकलवर आरामात जाता येईल इतकं. साधारण ३०० एकर जागा, मधून कोलर क्रीक नावाचा ओढा, दोन्ही अंगांना ओझार्कच्या टेकड्या आणि सतरा-एक मैलांचे ट्रेल. पील कॉम्प्टन फाउंडेशन ही ना-नफा संस्था ते सांभाळते आणि यामागचा पैसा मुख्यतः वॉल्टन घराण्याचा आहे. तेच वॉल्टन, ज्यांच्या सॅम वॉल्टनने, म्हणजे वॉलमार्टच्या संस्थापकाने, १९५० साली याच गावाच्या चौकात फाइव्ह अँड डाइमचं, स्वस्तातल्या किरकोळ वस्तूंचं, दुकान काढलं होतं. त्याचे नातू टॉम आणि स्टुअर्ट सायकलवेडे, २००७ च्या सुमारास गावात स्लॉटर पेनचे ट्रेल सुरू झाले आणि मग ते वाढतच गेलं, आता गाव स्वतःला जगाची माउंटन बायकिंग राजधानी म्हणवतं. जरा जास्तच होतं ते, पण ट्रेल खरंच तसे आहेत.

तिकीट नाही, पास नाही, गेटवर कोणी विचारत नाही तुम्ही कुठले. आपल्याला हे जरा संशयास्पद वाटतं, खाजगी पैशाचं म्हणजे कुठेतरी पावती फाडावी लागणार असं वाटत राहतं, तर नाही. आता एकाच घराण्याच्या पैशावर गावाची अर्धी मौज चालावी का, आणि या सगळ्यामुळे घरांचे भाव कुठच्या कुठे गेलेत त्याचं काय, हे प्रश्न गावातले लोक विचारतात आणि मला ते बरोबरच वाटतात. पण तो वेगळा विषय.

पहिली चक्कर, पायी

पार्किंग प्रवेशाच्या ठिकाणी आहे पण शनिवारी सकाळी उशीर केलात तर जागा शोधत फिराल, म्हणून एकतर लवकर जा नाहीतर डाउनटाउनमधे गाडी लावून चालत या. आत गाडी जातच नाही. पक्की वाट पकडा आणि ओढ्याच्या कडेने चालत राहा, साधे स्पोर्ट्स शूज पुरे, ट्रेकिंगचे बूट काढायची गरज नाही. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी डोंगराची अपेक्षा ठेवू नका हां, बेंटनव्हिलच मुळात समुद्रसपाटीपासून जेमतेम १३०० फुटांवर आहे आणि इथल्या टेकड्या चढायला फार वेळ लागत नाही. मजा उंचीत नाही, झाडीत आहे. ओक, हिकरी, ओढ्याकाठी सिकॅमोर.

पार्कच्या मधोमध होमस्टेड म्हणून मोकळी जागा येते, तिथे एअरशिप नावाचं कॉफीचं दुकान आहे जिथे फक्त पायी किंवा सायकलनेच पोचता येतं. टॉयलेट तिथेच. पहिल्या दिवशीचं टार्गेट हेच ठेवा, कॉफीपर्यंत चालत जायचं, अर्धा तास बसायचं, आणि बसल्या बसल्या आजूबाजूला बघायचं की कोण कुठून येतंय, कुठली सायकल कुठल्या वाटेवर वळतेय, लहान मुलं कुठे खेळतायत. या अर्ध्या तासात जेवढं कळतं तेवढं यूट्यूबवर दोन तास घालवून कळत नाही. जवळच तंबू लावून राहायचीही सोय आहे, आधी बुकिंग करून, सामान मात्र स्वतः वाहून न्यायचं.

चालताना सगळ्यात मोठी चूक आपली लोकं करतात ती म्हणजे डावीकडून चालतात. सवयच ती, जन्मभराची. इथे रस्त्यासारखंच ट्रेलवरही उजवीकडून चालायचं आणि मागून येणारा डावीकडून पुढे जाणार. मागून "ऑन युअर लेफ्ट" असं ओरडल्याचं ऐकू आलं की नवीन माणूस लेफ्ट एवढंच ऐकतो आणि बरोब्बर डावीकडेच सरकतो, सायकलच्या समोर. तसं नाही करायचं, तो सांगतोय की मी तुमच्या डावीकडून जातोय, तुम्ही आहात तिथेच उजव्या कडेला राहा. चार जण आडवे पसरून गप्पा मारत चालायची हौस असेल तर ती मोकळ्या मैदानात भागवा. मुलांचा हात धरायचा तर मूल बाहेरच्या कडेला, आणि कुत्र्याचा पट्टा आखूड. दोन्ही कानांत इअरफोन घालून तर अजिबात चालू नका.

बोर्ड वाचायला शिका

पक्की वाट सोडून मातीच्या ट्रेलवर जायचं असेल तर सुरुवातीला जो खांब असतो त्यावर थांबून बघायचं. दोन गोष्टी बघा. एक, चित्र कोणाचं आहे, चालणाऱ्या माणसाचं की फक्त सायकलचं. फक्त सायकलचं असेल तर पायी जायचंच नाही, कारण त्यातले बरेच ट्रेल एकाच दिशेने खाली येणारे आहेत आणि वळणापलीकडून कोणी चाळीसच्या स्पीडने येत असेल तर त्याला थांबता येत नाही. फोटो काढायला म्हणून दोन मिनिटं उताराच्या ट्रेलवर उभं राहणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्याकडे बघून सायकलवाल्याचा पांढरा पडलेला चेहरापण पाहिलाय.

दोन, खूण. हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड, दोन काळे हिरे असतील तर ते एक्स्पर्ट लोकांचं. स्कीइंगवरून आलेली पद्धत आहे ही. पण लक्षात ठेवा, हिरवा म्हणजे माउंटन बायकिंगच्या हिशेबात हिरवा. सायकल येणं आणि मातीवर दगडांतून सायकल येणं यात फरक आहे. आणि निळ्याचं तर काही खरं नसतं, एका ठिकाणचा निळा दुसऱ्या ठिकाणी काळा वाटू शकतो, म्हणून नवीन जागी आपल्या नेहमीच्या लेव्हलपेक्षा एक पायरी खालून सुरुवात करायची.

मोबाइलमधे ट्रेलफोर्क्स हे ट्रेलच्या नकाशांचं अ‍ॅप टाकून ठेवा, नकाशा घरूनच डाउनलोड करा. आणि चालताना असो की सायकलवर, आपण ज्या ट्रेलवर आहोत त्याचं नाव आणि शेवटचा फाटा कुठला गेला हे डोक्यात ठेवत जा, कारण काही झालं आणि ९११ लावला तर झाडं आहेत आणि ओढा आहे एवढं सांगून कोणाला तुम्ही सापडणार नाही.

दोघं समोरासमोर आले तर कोणी थांबायचं याचा साधा नियम, सायकलवाल्याने चालणाऱ्याला वाट द्यायची, आणि दोन्ही सायकली असतील तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला. एकदिशा ट्रेलवर हा प्रश्नच येत नाही. कागदोपत्री चालणाऱ्याचा हक्क पहिला असला तरी मी स्वतः चढावर दम लागलेला सायकलवाला दिसला की बाजूला होते, एकदा थांबला तर त्याला परत सुरू करणं जड जातं.

सायकल

घ्यायच्या आधी भाड्याने घ्या, हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण आधी विकत घेतो. वॉलमार्टमधे मिळते ती स्वस्तातली सायकल, जिच्यावर माउंटन असं लिहिलेलं असतं, ती पक्क्या वाटेवर छान चालते, पण उताराच्या ट्रेलसाठी ती नाहीये आणि बऱ्याचदा तसं तिच्यावरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. डाउनटाउनमधे फॅट टायरसारखी दुकानं आहेत, तिथे दिवसाच्या भाड्याने चांगली सायकल मिळते. उंची सांगा, वजन सांगा (लाजू नका, सस्पेन्शन आणि टायरमधली हवा वजनावर सेट करतात), आणि स्पष्ट सांगा की मी मातीवर कधी चालवलेली नाही. दुकानवाले रोज अशी माणसं बघतात. हेल्मेट घ्याच, आणि गुडघ्याचे पॅड मिळाले तर तेही घ्या, कारण इथली माती कमी आणि टोकदार दगड जास्त असा मामला आहे. चर्ट म्हणतात त्या दगडाला, त्यावर गुडघा घासला की महिनाभर आठवण राहते. हातमोजे पण घ्या, पडताना माणूस आधी हातच टेकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे दुकानातपण सांगायचं राहून जाऊ शकतं कारण त्यांना वाटतं हे सगळ्यांना माहीत असणार. ब्रेक. आपल्याकडे भारतात सायकलला उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, मोटरसायकललाही तसाच. अमेरिकेत सायकलला उलटं आहे, डाव्या हाताला पुढचा आणि उजव्या हाताला मागचा. आपला हात वर्षानुवर्षं शिकलेला असतो की घाबरलो की डावा दाबायचा, तो मागचा आहे, तो सेफ आहे. इथे डावा जोरात दाबलात तर पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि तुम्ही थांबत नाही, हँडलवरून पुढे जाता. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असल्यामुळे एका बोटाच्या दाबावर गाडी थांबते, जुन्या हर्क्युलससारखी पूर्ण मूठ आवळायची गरज नसते. म्हणून दुकानाबाहेर पार्किंगमधेच दहा मिनिटं फक्त ब्रेकची प्रॅक्टिस करा. हळू चालवत आधी फक्त उजवा, मग फक्त डावा अगदी अलगद, मग दोन्ही. प्रत्येक ब्रेकवर एकच बोट, तर्जनी, बाकीची बोटं हँडलवर. हे हाताला कळेपर्यंत पार्किंग सोडू नका, लोक बघतात तर बघू देत.

मग सीट. डाव्या अंगठ्याजवळ बहुतेक एक छोटा खटका असतो, तो दाबून सीटवर बसलं की सीट खाली जाते, परत दाबून उठलं की वर येते. चढताना आणि सपाटीला सीट वर, उतरताना खाली. नवीन लोक सीट वर ठेवूनच उतरतात आणि मग म्हणतात तोल जातोय, जाणारच. गियर बऱ्याच नव्या सायकलींना फक्त उजव्या हाताला असतात, एकच खटका-जोडी शिकायची, चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गियर टाकायचा, चढावर अर्ध्यात आल्यावर नाही, तेव्हा चेन करकर करते आणि दुकानदाराला ऐकू गेली तर त्याच्या काळजाला घरं पडतात.

ई-बाइकचं विचाराल तर तीन क्लास असतात. क्लास १ म्हणजे पेडल मारलं तरच मोटर मदत करते आणि ताशी २० मैलांला थांबते, क्लास २ ला अ‍ॅक्सिलरेटर असतो, क्लास ३ पेडलवरच पण २८ मैलांपर्यंत. सगळ्या सगळीकडे चालत नाहीत, पक्की वाट आणि मातीचे ट्रेल यांचे नियम वेगळे असतात, त्यामुळे भाड्याने घेतानाच विचारून घ्या की ही कुठे कुठे नेता येईल. गुडघेदुखीवाल्यांना मी क्लास १ घ्याच म्हणेन, कोणी हसत नाही, उलट चढावर तेच तुमच्याकडे हेव्याने बघतात.

पहिली राइड कशी करायची

आधी पक्की वाट एकदा पूर्ण, इकडून तिकडे आणि परत. मग खूण बघून एखादा हिरवा तुकडा. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ऑस्कर्स लूप आणि एस्थर्स लूप, टेकडीच्या अंगाने झाडीतून फिरवणारे ट्रेल, यात उड्या मारायच्या नसतात पण दगड, मुळं, छोटे चढउतार सगळं असतं. तासाभरात दमाल. दमणं पायांचं कमी आणि हातांचं जास्त असतं, कारण नवीन माणूस हँडल असं आवळून धरतो की जणू पळून जाणार आहे.

उतारावर पेडल दोन्ही समान उंचीवर ठेवा, एक पाय पुढे एक मागे, सीटवरून थोडं उठून गुडघे आणि कोपरं सैल. खाली गेलेलं पेडल दगडाला आपटतं आणि तिथेच पडायला होतं. नजर चाकाच्या पुढच्या दगडावर नको, दहा-पंधरा फूट पुढे वाटेवर ठेवा, सायकल जिथे बघता तिथेच जाते. झाडाकडे बघाल तर झाडावरच जाल, हे खरंय, गंमत नाही. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा आणि वळणात सोडायचा. वळणांना बाहेरच्या बाजूने मातीची भिंत केलेली असते, बर्म म्हणतात, तिच्यावर विश्वास ठेवून थोडं वर चढलं की वळण आपोआप होतं, पण हा विश्वास यायला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा. जमत नसेल तर उतरून ढकलत न्या. फक्त ढकलताना कडेने, आणि थांबायचं असेल तर वाट सोडून, मागच्याला दिसेल अशा ठिकाणी.

टेकडीवर हब नावाचा एक मोठा लाकूड-लोखंडाचा प्लॅटफॉर्म आहे, तिथून उताराच्या लाइनी सुटतात. रॉक सॉलिड, सीज अँड डिसिस्ट अशी नावं आहेत, नावावरूनच समजा. वर जाऊन बघायला जरूर जा, उभं राहायला जागा आहे, दहा-बारा वर्षांची पोरं ज्या सहजतेने तिथून खाली जातात ते बघण्यासारखं आहे. पण तिथे गेल्यावर बरोबरचा कोणीतरी म्हणतोच की अरे एवढं काही नाहीये, चल मी आहे मागे. तो मागे असून उपयोग नसतो. दगडाच्या उड्यांवर हळू जाणं हे वेगात जाण्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं, कारण पुढचं चाक खाली पडतं आणि मागचं वर राहतं, त्यामुळे सावकाश जाऊ हा आपला नेहमीचा उपाय तिथे चालत नाही. उड्या शिकायच्याच असतील तर शेजारच्या रॉजर्समधे लेक अटालांटाजवळ रेलयार्ड बाइक पार्क आहे, तिथे एकाच ठिकाणी परत परत प्रॅक्टिस करता येते, आणि क्लासेस घेणारे कोचही या भागात मिळतात. एक क्लास लावा, नवऱ्याकडून शिकू नका. गाडी शिकताना काय झालं होतं ते आठवा.

आईबाबा आलेत, मुलं लहान आहेत

भारतातून आईबाबा किंवा सासूसासरे सहा महिन्यांसाठी आले की त्यांना रोज चालायला जागा लागते आणि घराजवळच्या सबडिव्हिजनमधे गोल गोल फिरून ते कंटाळतात. त्यांच्यासाठी कोलरची पक्की वाट चांगली आहेच, पण खरं सांगायचं तर क्रिस्टल ब्रिजेस या कलेच्या म्युझियमच्या आवारातले ट्रेल जास्त बरे. तेही वॉल्टनांचंच, सॅमची मुलगी अ‍ॅलिस हिने उभं केलं, ११ नोव्हेंबर २०११ ला उघडलं, इमारत मोशे सफ्दी या आर्किटेक्टची, आणि म्युझियमची रोजची एंट्री फुकट. मंगळवारी म्युझियम बंद असतं, ट्रेल नाही. झाडीतून साधारण पाच मैलांच्या वाटा आहेत, मधे मधे शिल्पं ठेवलीत, बसायला जागा आहेत. फ्रँक लॉइड राइट या नावाजलेल्या आर्किटेक्टने डिझाइन केलेलं एक अख्खं घर न्यू जर्सीतून सुटं करून इथे आणून परत उभं केलंय, बाबांना इंजिनीअरिंगची आवड असेल तर ते तिथून हलणार नाहीत. शिल्पकार लुईझ बूर्झवाचं कोळीकिड्याचं ते भलंमोठं शिल्प पण इथे आहे, लहान मुलं एकतर त्याच्या पायांतून पळतात नाहीतर रडतात.

चौकातून तिकडे चालत जाताना कॉम्प्टन गार्डन लागतं, ते टाळू नका. छोटी, स्थानिक झाडांची बाग आहे, मुळात डॉ. नील कॉम्प्टन यांचं राहतं घर. पेशाने डॉक्टर माणूस, पण बफेलो नदीवर धरणं होऊ नयेत म्हणून १९६२ मधे ओझार्क सोसायटी काढून दहा वर्षं लढला, आणि १९७२ मधे ती देशातली पहिली नॅशनल रिव्हर झाली. कोलर सांभाळणाऱ्या फाउंडेशनच्या नावातला कॉम्प्टन तो हाच.

मुलांना बॅलन्स सायकल (बिनपेडलची) किंवा छोटी सायकल पक्क्या वाटेवर द्यायला हरकत नाही, फक्त त्यांना उजवीकडून चालवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा आणि वळणावर मधेच थांबून खडे गोळा करू देऊ नका. आईबाबांच्या ट्रॅव्हल इन्शुरन्सचं एक बघा, बऱ्याच पॉलिसीत अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्स वगळलेले असतात आणि त्यात माउंटन बायकिंग येऊ शकतं. चालताना पाय मुरगळला ते वेगळं आणि सायकलवरून पडले ते वेगळं धरतात. साठीच्या सासऱ्यांना हुक्की आली आणि त्यांनी नातवाची सायकल घेतली तर इथल्या इमर्जन्सी रूमचं बिल बघून उरलेली ट्रिप दुःखात जाते, म्हणून आधी पॉलिसी वाचा.

कधी जायचं, काय न्यायचं

एप्रिल आणि ऑक्टोबर. एप्रिलमधे डॉगवुड आणि रेडबड फुललेले असतात, ऑक्टोबरच्या शेवटी पानं रंगतात. जून ते ऑगस्ट ऊन आणि दमटपणा दोन्ही असतं, मुंबईकरांना सवय असेल पण तरी सकाळी आठच्या आत उरकावं. वादळं वसंतात जास्त येतात आणि झपाट्याने येतात, वीज चमकताना दिसली की माथ्यावरून खाली या, हबच्या लोखंडाखाली उभं राहू नका. पाऊस पडून गेल्यावर माती ओली असेल आणि चाकाची खोल खूण उमटत असेल तर त्या दिवशी मातीचा ट्रेल सोडा, पक्क्या वाटेवर चालवा, कारण वाळल्यावर ती खूण तशीच राहते आणि कोणीतरी फावडं घेऊन ती बुजवत बसतं. नोव्हेंबरमधे घड्याळं मागे गेली की ऑफिस सुटेपर्यंत अंधार, त्यामुळे थंडीत दुपारच्याच वेळी जायचं.

पाणी दोघांत एक बाटली नाही, माणशी एक, सायकल असेल तर दोन. खायला काहीही न्या, चिवडा, लाडू, पराठा, फक्त कागद आणि पिशव्या परत घेऊन या, संत्र्याची सालं पण, कुजतात म्हणून झुडपात टाकायची नाहीत. सायकलवाल्यांनी एक जादा ट्यूब, छोटा पंप आणि टायर काढायचे प्लास्टिकचे चमचे बरोबर ठेवावेत, चर्ट टायर फाडतो.

कोलरचा कंटाळा आला, किंवा दगड नकोतच असं ठरलं, तर रेझरबॅक ग्रीनवे पकडा. २०१५ मधे पूर्ण झालेली पक्की वाट, उत्तरेकडून सुरू होऊन बेंटनव्हिल, रॉजर्स, लोवेल, स्प्रिंगडेल करत फायेटव्हिलपर्यंत, जवळजवळ ४० मैल. केंद्र सरकारची दीड कोटी डॉलरची ग्रँट आणि वॉल्टन फॅमिली फाउंडेशनचे तेवढेच पैसे यातून झाली. एका दमात करू नका, एका गावापासून पुढच्या गावापर्यंत जा, जेवा, परत या.

झाडी आणि किडे

पॉयझन आयव्ही ओळखायला शिका. तीन पानांचा झुबका, मधल्या पानाचा देठ लांब, वेल झाडावर चढलेली असते नाहीतर वाटेच्या कडेला झुडूप असतं. हात लागला की खाजकुयलीसारखं लगेच समजत नाही, एक-दोन दिवसांनी पुरळ येतं आणि आठवडे जातात. त्याचं तेल कपड्यांना, हँडलला, कुत्र्याच्या केसांना चिकटून घरी येतं, त्यामुळे शंका आली तरी लगेच साबण लावून धुवा, सायकलचं हँडल पण पुसा. कॉपरहेड नावाचा विषारी साप आहे, वाळलेल्या पानांत बसला तर अजिबात दिसत नाही, म्हणून लाकडाच्या ओंडक्यावर बसायच्या आधी पलीकडे बघून घ्या. दिसला तर मागे व्हा आणि वळसा घाला, काठी शोधू नका.

आणि टिक, म्हणजे गोचीड. एप्रिल ते सप्टेंबर हे खरं संकट, सापापेक्षा कितीतरी जास्त. इथे लोन स्टार टिक भरपूर आहे, मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका, आणि ती चावल्यावर काही लोकांना अल्फा-गाल नावाची अ‍ॅलर्जी होते, मग मटण, बीफ, पोर्क खाल्लं की काही तासांनी पित्त उठतं, पोट बिघडतं, कधी थेट हॉस्पिटल. नवऱ्याला ट्रेलवर जाताना लांब मोजे घालायला लावायचे असतील तर मटण बंद होईल एवढं सांगितलं की पुरतं. किडे दूर ठेवणारा डीईईटी किंवा पिकारिडिनचा स्प्रे अंगाला, परमेथ्रिनचा स्प्रे फक्त कपड्यांना आणि बुटांना, अंगाला नाही. उंच गवतात शिरू नका, वाटेच्या मधून चाला.

घरी आल्यावर घातलेले कपडे आधी ड्रायरमधे, न धुता, जास्त हीटवर दहा मिनिटं, टिक त्याने मरतात. मग आंघोळ, शक्यतो दोन तासांच्या आत. काखा, कंबरेचा पट्टा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत हात फिरवून बघायचं, मुलांचं आपण बघायचं. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही, त्यावर रॉकेल, काडी, व्हॅसलीन काही लावायचं नाही. जागा साबणाने धुवा आणि फोनच्या कॅलेंडरमधे तारीख लिहून ठेवा, पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरला ती तारीख सांगता येते.